शाहिरी रूपे आणि कादंबरीकार: अण्णा भाऊ साठे यांच्या गीतरचनेविषयी

अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांच्या वाङ्मयाचा विचार करताना मराठी समीक्षेत एक सोयीस्कर विभागणी रूढ झालेली दिसते. ‘फकिरा’कार अण्णा भाऊ कादंबरीच्या इतिहासात, तर शाहीर अण्णा भाऊ चळवळीच्या इतिहासात. परिणामी त्यांची गीते ‘प्रचारकी’ या एका विशेषणाखाली जमा होतात आणि गीतप्रकारांच्या निवडीमागील वाङ्मयीन विवेक तपासलाच जात नाही.

१९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. या काळातील पोवाड्यांत वीरनायकाचे परंपरागत स्थान समूहाला मिळते. स्तालिनग्राडच्या पोवाड्यात लढणारी जनताच नायक होते. शाहिराचे कथन आणि झीलकऱ्यांची साथ या मूळ प्रयोगरचनेतच सामूहिक निवेदकाची शक्यता होती. अण्णा भाऊंनी ती आशयापर्यंत नेली. लोकनाट्याच्या गणात गणेशस्तवनाऐवजी मायभूमी आणि शिवछत्रपती यांना वंदन येते, तेही याच दृष्टीने पाहावे लागते. विधीची जागा कायम राहते, वंदनीय तेवढे बदलते.

लावणीचा व्यवहार वेगळा आहे. पठ्ठे बापूरावांनी जिचे वैभव गायिले ती मुंबई अण्णा भाऊंच्या लावणीत मलबार हिल आणि परळ अशी दुभंगून येते. ‘माझी मैना’ ही छक्कड तर अधिक गुंतागुंतीची आहे. गावी राहिलेल्या पत्नीचे शृंगारिक वर्णन, पोटासाठी मुंबईत आलेल्या श्रमिकाचा विरह आणि संयुक्त महाराष्ट्रापासून तुटलेल्या सीमाभागाचे दुःख एकाच चालीत गुंफले जाते. येथे राजकीय आशय शृंगारावर लादलेला वाटत नाही, कारण विरह हा या रूपाचा मूळचाच स्थायी सूर आहे.

आता ‘फकिरा’कडे (१९५९) वळता येईल. दुष्काळात धान्य लुटून भुकेल्यांना जगविणाऱ्या फकिराची कथा सांगणारा निवेदक तटस्थ नाही. तो पोवाड्याचा निवेदक आहे. कादंबरीची गती, प्रसंगांची चढण आणि गौरवाचा स्वर तेथूनच येतात. मर्यादाही तेथूनच येते. पोवाडा नायकाला संशयाची सवड देत नाही, त्यामुळे फकिराचे अंतर्मन क्वचितच उलगडते. छक्कडीतील ‘मी’जवळ असलेली हळवी द्विधा कादंबरीच्या नायकाला लाभली असती तर, हा प्रश्न म्हणूनच अप्रस्तुत ठरत नाही.

तो विचारण्यासाठी मात्र दोन्ही अण्णा भाऊ एकत्र वाचावे लागतील. शिवाय डफ-तुणतुणे आणि झील यांवाचून छापील संहिता अपुरी आहे, हेही मान्य करावे लागेल. प्रयोगरूपाची जाण नसलेली समीक्षा या गीतांना ‘प्रचार’ म्हणते, तेव्हा ती गीतांपेक्षा स्वतःच्या निकषांविषयीच अधिक सांगत असते.