टीप कुणासाठी?

एका कन्नड कथेचा मराठी अनुवाद मी 2025 च्या मार्चमध्ये पुरा केला. तो अजून छापून यायचा आहे, म्हणून कथेचं आणि लेखिकेचं नाव इथं घेत नाही. कथा रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत घडते. घरातली सून पहाटे साडेतीनला उठते, सहरीसाठी एकेकाला हलवून जागं करते, आणि ईदच्या आदल्या रात्री फित्रा काढायचा म्हणून घरातली डोकी मोजत बसते. एवढीच गोष्ट. अनुवादाच्या तळाशी मी अकरा टिपा दिल्या होत्या. पहिली अशी होती: ‘सहरी – रमजानच्या महिन्यात मुस्लिम बांधव रोजा सुरू होण्यापूर्वी पहाटे घेतात तो आहार.’

कागद मी शेजारच्या आपांना वाचायला दिले. आम्ही बेंगळुरूत फ्रेझर टाउनजवळ राहतो. आपा मूळच्या मिरजेच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. लग्न होऊन इथं आल्या त्याला तीस वर्षं होऊन गेली. घरात दखनी, बाजारात कन्नड, आणि माझ्याशी मिरजेचं मराठी. रोजे चालू होते. दुपारच्या नमाजानंतर थोडा वेळ मिळतो तेवढ्यात त्यांनी दोन दिवसांत कथा वाचली आणि कागद परत देताना म्हणाल्या, ‘‘गोष्ट चांगली उतरलीय ताई. पण ही टीप कुणासाठी हो?’’

‘‘वाचकांसाठी,’’ मी म्हटलं.

‘‘मग मी कोण?’’

चिडून नव्हत्या विचारत. पण घरी येऊन ती टीप पुन्हा वाचली तेव्हा तिच्यातलं जवळजवळ प्रत्येक पद मला खटकायला लागलं.

‘मुस्लिम बांधव’ हे शब्द आपल्या वर्तमानपत्रांनी इतके झिजवलेत की त्यांचा अर्थ कुणी पाहत नाही. रमजान सुरू झाला की बातमी ठरलेली: मुस्लिम बांधवांचा पवित्र महिना. शब्द प्रेमाचा आहे, शंका नाही. पण ज्याला आपण ‘बांधव’ म्हणून हाक मारतो तो आपल्या पंगतीत बसलेला नसतो. तो दारात उभा असतो आणि आपण त्याला या म्हणत असतो. दुसरं, या बांधवांमध्ये बाई नाही. सहरीचा आहार बांधव घेतात खरा, पण तो रांधतं कोण? पाळीच्या दिवसांत बाईला रोजा नसतो, ते दिवस तिनं नंतर भरून काढायचे असतात. पण त्या दिवसांतही पहाटेचा गजर तिच्याच उशाशी वाजतो. मी अनुवाद करत होते ती सगळी कथा त्या बाईची, आणि माझ्या टिपेनं पहिल्याच ओळीत तिला घराबाहेर काढलं होतं.

हा दोष माझ्या एकटीचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. मराठीत रमजानवर जे लिहिलं जातं ते वाचताना मला वाटत आलंय की हा महिना आपल्याकडं सूर्यास्तानंतरच सुरू होतो. लेखक संध्याकाळी महंमद अली रोडवर जातो, मिनारा मशिदीजवळचे मालपुवे खातो, नळी-निहारीचं वर्णन करतो, गर्दीत एकात्मता पाहतो आणि शेवटच्या लोकलनं घरी येतो. बेंगळुरूबद्दल लिहिणारेही याच वाटेनं येतात. त्यांचा रस्ता मॉस्क रोड. तिथं हाजी सर इस्माईल सेठ मशीद आहे, 1902 पासूनची अल्बर्ट बेकरी आहे, रमजानात तिथल्या खवा-नानसाठी रांग लागते. हलीम, पत्थर का गोश्त, समोसे. मीही खाल्लेत, पुन्हाही खाईन. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या भाषेला उपासाच्या खाण्याचं कौतुक असणारच, त्यात वावगं काही नाही. अडचण अशी की उपास वगळून फक्त सुटण्याचं वर्णन उरलं, तर मागे राहतो तो बाजार. या बाजाराच्या गर्दीवरून, कचऱ्यावरून रहिवाशांच्या तक्रारी झाल्या, वाद झाले. तेही आपण बाजाराचा वाद म्हणूनच वाचले.

पहाटे पाचपासून संध्याकाळी साडेसहापर्यंतचा वेळ कुणी लिहीत नाही. दुपारी चारला जिभेचा होणारा चामडा, सहकाऱ्यांसमोर चहा नाकारताना करावं लागणारं स्पष्टीकरण, पाच वाजता भजी तळताना मीठ चाखून न पाहता अंदाजानं घालणं. आपांच्या हाताला तो अंदाज आहे. ‘‘वासावरनं कळतं,’’ म्हणतात.

आता आपल्यापैकी बहुतेकांना रमजान साहित्यातून पहिल्यांदा भेटला तो शाळेत, हिंदीच्या तासाला, प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मध्ये. 1933 सालची कथा. ती सुरू होते तेव्हा तीस रोजे संपलेले असतात. मुलांपैकी कुणी एखादा रोजा धरला तोही दुपारपर्यंत, असं प्रेमचंद गमतीनं सांगतात आणि पुढं सरकतात. रोजे मोठ्यांचे, ईद मुलांची. कथा मुलांची आहे, तेव्हा हे योग्यच. पण या खेपेला ती वाचताना मी अमीनाजवळ थांबले. हमीदच्या आजीजवळ ईदच्या दिवशी उरलेत दोन आणे: तीन पैसे हमीदच्या खिशात, पाच तिच्या बटव्यात. त्यातच शेवयांचं भागवायचंय आणि दारात येणाऱ्या प्रत्येकीला काही द्यायचंय. मागचे तीस दिवस या बाईनं कसे काढले? ज्या घरात एरवीच पोटभर मिळत नाही तिथं रोजाची भूक आणि गरिबीची भूक वेगळी कशी ओळखायची? प्रेमचंद हे विचारत नाहीत. कथेतली सगळ्यात मोठी उपाशी व्यक्ती कथेच्या कडेला उभी आहे.

आणि तरीही तो चिमटा आहे. सहा पैशांवरून घासाघीस होत तीन पैशांना घेतलेला. तव्यावरून पोळी उतरवताना आजीची बोटं भाजतात म्हणून. शाळेत आपल्याला शिकवलं की हा त्याग. असेल. मला तो आता स्वयंपाकघराबद्दलचा पुरावा वाटतो. चार-पाच वर्षांच्या पोरानं महिनाभर आजीला काळोखात चुलीपुढं बसलेलं पाहिलं असणार. भाजलेल्या बोटांचं त्याला खेळण्यांच्या दुकानापुढं जे आठवतं ते त्याशिवाय नाही. प्रेमचंदांनी वगळलेला सगळा रमजान त्या चिमट्यात आला आहे, मात्र लेखकाच्या नकळत आला की जाणून, हे मला ठरवता येत नाही.

त्याच वर्षी 20 मे रोजी बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. कन्नडमधून आलेलं हे पहिलं पुस्तक, आणि कथासंग्रहाला मिळालेलं पहिलंच. हासनच्या या लेखिकेच्या 1990 ते 2023 मधल्या बारा कथा दीपा भास्ती यांनी इंग्रजीत नेल्या. हे रमजानचं पुस्तक नव्हे. पण माझ्या टिपांच्या संदर्भात मला ते टाळता येईना. कारण भास्तींनी तळटीप दिलेली नाही आणि कन्नड, उर्दू, अरबी शब्द तिरप्या अक्षरांतही टाकलेले नाहीत. त्यामागची भूमिका त्यांनी पुस्तकाला जोडलेल्या टिपणात मांडली आहे. तिरपं अक्षर म्हणजे ‘हा शब्द आपला नाही’ अशी वाचकाला केलेली खूण. ती त्यांना करायची नव्हती.

संग्रहातल्या एका कथेत म्हाताऱ्या बी दादीचा जपून ठेवलेला जानमाज घरातल्या पोराच्या हातून खराब होतो आणि ती आतून मोडून पडते. जानमाज म्हणजे काय, हे इंग्रजी वाचकाला कुणी सांगत नाही. तिच्या दुःखावरून त्याला आधी त्या वस्तूची किंमत कळते, मग ती नमाजाची चटई आहे हे कळतं. टीप दिली असती तर क्रम उलटा झाला असता: वस्तू कळली असती, किंमत राहिली असती.

याचा अर्थ टिपा नकोतच, असं मी म्हणत नाही. इंग्रजी वाचक हातातल्या फोनवर शब्द शोधतो. मराठीत वाचणाऱ्यानंही तेच करावं अशी अपेक्षा धरणं उद्धटपणाचं होईल. ‘समजलं नाही तर तुमचं तुम्ही पाहा’ हाही एक दरवाजा बंद करण्याचा प्रकार आहे. शिवाय पुरस्कार मिळाला म्हणून एखादी पद्धत सर्वत्र चालवायची, हे मला मान्य नाही.

पण ‘रोजा’ हा शब्द मराठीला परका आहे, हे कुणी ठरवलं? फारसीत रोज म्हणजे दिवस, त्यावरून रोजा. आपण रोज, रोजनिशी, रोजमजुरी बिनटिपेची वापरतो. शिरखुर्म्यातला ‘शीर’ आणि आपल्या खिरीतलं ‘क्षीर’ ही चुलत भावंडं आहेत. उलट दिशेनंही देणं आहेच: आपांच्या दखनीत ‘मैंच’ म्हणतात, ‘नक्को’ म्हणतात, तो ‘च’ आणि तो ‘नको’ मराठीनं दिलेला. सतराव्या शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद ‘योगसंग्राम’ मराठीत लिहीत होते. बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्रासाठी मराठीत गर्जत होते. हमीद दलवाईंनी ‘इंधन’ 1965 मध्ये कोकणातल्या गावावर मराठीत लिहिली. 1990 मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते, आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. एकीकडं अध्यक्षपद मिळतं आणि दुसरीकडं वेगळं संमेलन भरवावंसं वाटतं. या दोन गोष्टी एकाच वर्षी घडाव्यात, यातलं दुखणं मला आपांच्या ‘मग मी कोण?’मध्ये ऐकू आलं. इतकं सगळं ठाऊक असूनही टीप लिहिताना माझ्या डोळ्यांपुढचा मराठी वाचक रोजा न धरणारा होता.

मी टिपा काढायला बसले. सहरीची सहज गेली. कथेतच बाई अंधारात भाकरी थापते, अजानच्या आधी सगळ्यांनी पाणी पिऊन घ्यावं म्हणून घाई करते. आणखी काय सांगायचं? तरावीहच्या टिपेत मी रकातींचे आकडे दिले होते. कथेला त्यांची गरज नव्हती. पुरुष रात्री उशिरापर्यंत मशिदीत असतात आणि भांडी घासून होईतो तिला बसून राहावं लागतं, एवढंच हवं होतं, ते कथेत होतं. मी माहिती दाखवत होते, दुसरं काही नाही.

फित्र्यापाशी मात्र अडले. ईदची नमाज होण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे गरिबांसाठी काही काढून ठेवायचं असतं, तान्ह्या मुलाचंही. कथेत सून मोजते: सासू, सासरे, नवरा, दीर, तीन मुलं, आपण. मग थांबते, आणि घर सोडून गेलेल्या नणंदेचं एक आणखी धरते. नणंदेचा उल्लेख घरात बंद आहे. ‘माणशी’ ही गोष्ट वाचकाला त्या क्षणी माहीत नसेल तर कथेचा सगळा जीव जातो. टीप तळाशी ठेवली तर वाचकाचे डोळे नेमके त्या वेळी पानाच्या खाली. शेवटी दोन पानं आधी, सासऱ्यांच्या हिशेबाच्या बोलण्यात मी ‘माणशी’ हा एक शब्द घातला. मुळात तो नव्हता. लेखिकेला फोन करून विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, कन्नड वाचकालाही लागलाच असता बहुधा.

अकरांपैकी दहा टिपा गेल्या. बदललेली प्रत घेऊन आपांकडं गेले त्या दिवशी माझी एकादशी होती. ‘‘एकादशीच्या घरी शिवरात्र आली म्हणायची,’’ मी म्हटलं. आपा पीठ मळत होत्या; हात धुऊन कागद घेतले, चाळले.

‘‘आता एक टीप हवी,’’ म्हणाल्या.

‘‘कुठली?’’

त्यांनी इफ्तारच्या प्रसंगावर बोट ठेवलं. मशिदीतून मुलगा डबा भरून गंजी आणतो आणि सगळे त्याच्याभोवती जमतात. तांदळाची, डाळ-मसाला घातलेली पातळ पेज. दक्षिणेत तिनंच रोजा सोडण्याची रीत आहे, आणि बेंगळुरूत इतकी वर्षं राहून तो शब्द माझ्या अंगवळणी पडला होता. त्याला टीप लागेल हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

‘‘लग्नाच्या पहिल्या वर्षी,’’ आपा सांगू लागल्या, ‘‘सासूबाई म्हणाल्या, मशिदीतनं गंजी आलीय, घे वाटून. मिरजेत गंजी म्हणजे बनियन. नाहीतर कडब्याची. मी बघतेय, वाटायचं काय!’’

मी तिथंच बसून पेन्सिलीनं टीप लिहिली. ‘गंजी – डाळ, तांदूळ आणि मसाला शिजवून केलेली पेज.’ आपांनी ती वाचली, ‘‘मेथीदाणे घाला त्यात,’’ म्हणाल्या, आणि कणकेकडं वळल्या.