विक्री व विपणन संचालक पदाची पात्रता आणि जबाबदाऱ्या : देवगड हापूसच्या संदर्भात एक चिकित्सा

जागतिकीकरणानंतरच्या काळात व्यवस्थापनक्षेत्रातील ज्या पदनामांना विशेष प्रतिष्ठा प्राप्त झाली, त्यांत ‘विक्री व विपणन संचालक’ हे एक प्रमुख पदनाम होय. जाहिरातींतून या पदासाठी मागितली जाणारी पात्रता बहुधा ठरलेली असते : विपणन विषयातील एमबीए, दहा-पंधरा वर्षांचा अनुभव, इंग्रजीवर प्रभुत्व आणि उद्दिष्टपूर्तीचा सिद्ध इतिहास. जबाबदाऱ्याही ठरलेल्या : वार्षिक लक्ष्य गाठणे, वितरकांचे जाळे वाढवणे, नाममुद्रेची प्रतिमा उंचावणे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील हापूस आंब्याच्या व्यापाराला ही चौकट लावून पाहिली असता तिच्यातील उणिवा ठळकपणे समोर येतात.

विक्री आणि विपणन या दोन संज्ञा एकाच पदनामात जोडल्या जात असल्या तरी त्यांचा अर्थ एक नाही. थिओडोर लेविट यांनी 1960 साली प्रसिद्ध केलेल्या ‘मार्केटिंग मायोपिया’ या लेखात हा भेद स्पष्ट केला. विक्रीचा विचार विकणाऱ्याच्या गरजेपासून सुरू होतो, तर विपणनाचा घेणाऱ्याच्या गरजेपासून. पदनामाने हे दोन्ही विचार एका खुर्चीत बसवले, मूल्यमापन मात्र पहिल्याचेच राहिले. वर्षअखेरीस विचारले जाते ते किती माल खपला एवढेच.

हापूसच्या बाबतीत हा प्रश्नच चुकीचा ठरतो. 2018 साली कोकणातील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन म्हणजे एका अर्थी सीमारेषाच होय. त्या हद्दीतील कलमांना मोहोर किती येईल, अवकाळी पावसात आणि थ्रिप्सच्या प्रादुर्भावात त्यातला किती टिकेल, यावर माल ठरतो. कारखान्यातील उत्पादनाप्रमाणे येथे लक्ष्य वाढवता येत नाही. वाढवलेच, तर अन्य प्रांतांतील आंबा ‘देवगड’ म्हणून पेटीत शिरतो, आणि तो शिरतो ही बाजारातील उघड गोष्ट आहे. तेव्हा येथील विपणनप्रमुखाची पहिली जबाबदारी विक्री वाढवण्याची नसून नाव राखण्याची, प्रसंगी विक्री नाकारण्याची ठरते. ही अट कोणत्याही जाहिरातीत आढळत नाही.

दुसरा मुद्दा पतपुरवठ्याचा आहे आणि तो अधिक मूलभूत आहे. मालवणजवळील कुंभारमाठसारख्या गावांतून हंगामाच्या पहिल्या पेट्या वाशीच्या बाजारात जातात, तेव्हा त्यांची पूजा होते आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. प्रसिद्धीच्या दृष्टीने हा सोहळा मोलाचा असला तरी माल कोणत्या गाळ्यावर जाणार हे पुष्कळदा त्याआधीच ठरलेले असते. फवारणी, खते, राखणदार यांच्या खर्चासाठी अनेक बागायतदार दलालाकडून आगाऊ रक्कम उचलतात. ज्याची उचल त्याच्याच गाळ्यावर माल, हा व्यवहार मग आपोआप होतो आणि भाव बागायतदाराला हाती पट्टी पडल्यावर कळतो. राज्य शासनाने 2016 साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. माल कोठेही विकण्याची मुभा मिळाली, पण उचलीला पर्याय मिळाला नाही. अशा स्थितीत जाहिरातकला जाणणाऱ्यापेक्षा पावसाळ्यात खेळते भांडवल उभे करू शकणारा मनुष्य अधिक पात्र म्हणावा लागेल.

निर्यातीचा इतिहास आणखी एका पात्रतेकडे निर्देश करतो. अमेरिकेची बाजारपेठ 1989 पासून बंद होती. ती 2007 साली उघडली, ती विकिरण प्रक्रियेची अट मान्य केल्यानंतरच. युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून भारतीय आंब्याची आयात थांबवली, त्याचे कारण फळमाशी हे होते. ही बंदी 2015 च्या प्रारंभी उठली. यांपैकी एकाही प्रसंगी वाक्चातुर्य उपयोगी पडले नसते. शिवाय हापूसमधील साका बाहेरून दिसत नाही. फळ कापल्यावरच कळतो. आढीतला आंबा न ओळखणारा विपणनप्रमुख ग्राहकाच्या तक्रारीला काय उत्तर देणार?

कायद्याची भूमिकाही येथे लक्षात घ्यावी लागते. कंपनी कायद्यानुसार संचालक म्हणजे संचालक मंडळावर नियुक्त झालेली व्यक्ती. खाजगी क्षेत्रात मात्र हे बिरूद मंडळाबाहेरच्या नोकरदारालाही सर्रास दिले जाते. (बिरूद मोठे आणि अधिकार बेताचे, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही.) 2002 च्या दुरुस्तीने आलेल्या उत्पादक कंपनीच्या तरतुदींत पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी बंधनकारक केला आहे आणि तो सभासदांबाहेरचा असावा असे म्हटले आहे. त्याची पात्रता व अनुभव ठरवणे मात्र मंडळावर सोपवले आहे. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे. तथापि ते वापरताना शहरी जाहिरातीचा मसुदा जसाच्या तसा उतरवला, तर बागायतदारांचे मंडळ स्वतःच्या अनुभवाला स्वतःच अपात्र ठरवते.

पर्यटनाबाबत स्थिती फारशी वेगळी नाही. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. मोठ्या हॉटेलातील विपणन संचालकाचे यश भरलेल्या खोल्यांवर मोजतात. तारकर्लीच्या किनाऱ्यावरील घरगुती निवासात खोली देणारी, सोलकढी वाढणारी आणि गर्दीच्या दिवशी पाहुण्याला नाही म्हणणारी व्यक्ती एकच असते.

या पार्श्वभूमीवर देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात आणलेली ‘टीपी सील युआयडी’ ही योजना विचारात घेण्यासारखी आहे. प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचे, एकदाच वापरता येणारे लेबल लावायचे आणि ग्राहकाने ते व्हॉट्सॲपवरून पडताळायचे, अशी ही रचना आहे. येथे विपणनाचा आरंभ जाहिरातीपासून न होता बागायतदाराच्या कलमांपासून होतो. मात्र तिची मर्यादाही नमूद केली पाहिजे. लेबल फळाचे मूळ सांगते. ते पिकवले कसे आणि त्यात साका आहे काय, हे सांगत नाही. पडताळणीत खोटे ठरलेले फळ हाती आलेल्या मुंबईतील ग्राहकाची भरपाई कोणी करावी, विक्रेत्याने की संस्थेने, हा प्रश्न लेबलाने सुटत नाही. तो सोडवण्याचा अधिकार ज्याच्या हाती द्यायचा, त्याच्या नेमणूकपत्रात ही जबाबदारी स्पष्ट शब्दांत लिहावी लागेल.