दातांचा दाखला



गळा थकल्यापासून सप्ताहात श्रोता म्हणून बसण्याचा योग जास्त येतो. भिंतीला टेकून, टाळकऱ्यांच्या मागे बसतो आणि ऐकतो. त्यात एक गोष्ट फार खटकते. माळकऱ्याने मांस का खाऊ नये, हा विषय निघाला की हल्लीचे तरुण कीर्तनकार संतांना सोडून दवाखान्यात शिरतात. माणसाचे दात गाईसारखे सपाट, आतडे लांब, मांस पचायला अमुक तास, खाणाऱ्याला तमुक रोग. श्रोते टाळ्या देतात, बुवा पुढच्या चालीवर जातात.

टाळी पडली म्हणून दाखला खरा ठरत नाही. सुळे आपल्यालाही आहेत, आणि पाला-कोंब खाऊन जगणाऱ्या गोरिलाचे सुळे तर आपल्यापेक्षा कितीतरी मोठे. माणसाला दोन्ही पचते, हे समोर बसलेले शाळेतले पोरही जाणते. ते उद्या घरी जाऊन म्हणते, बुवा खोटे बोलले. मग बुवांनी नंतर सांगितलेले खरेही त्याला खोटे वाटते. डाळी, भाज्या, फळे यांनी प्रकृती चांगली राहते असे डॉक्टर म्हणतात, ते मला मान्य आहे. पण तेच डॉक्टर सांगतात की ब-बारा जीवनसत्त्व झाडपाल्यातून मिळत नाही, दूध-दह्यातून मिळते ते थोडेच. कितीतरी माळकरी म्हाताऱ्यांच्या पायाला मुंग्या येतात, त्याचे एक कारण हेही असते. तपासून घ्यावे, डॉक्टर देतील ती गोळी-सुई घ्यावी. त्यासाठी माळ उतरावी लागत नाही.

माझी हरकत मात्र याहून खोल आहे. प्रकृतीसाठी धरलेला नेम प्रकृतीसाठीच सुटतो. ज्याला बुवांनी हृदयविकाराची भीती घालून माळ घातली, त्याला उद्या अशक्तपणा आल्यावर कोणी अंडे सुचवले, तर तो कोणत्या आधारावर नाही म्हणणार? त्याच्या हातात आधार दिलाच नाही. नुसता नफा-तोटा दिला.

दुसरे प्रमाण निघते ते गीतेच्या सतराव्या अध्यायाचे. सात्त्विक, राजस, तामस आहार. मांस तामस, असे ठोकून दिले जाते. तो श्लोक उघडून पाहा. तिथे मांसाचे नावही नाही. अति तिखट, अति खारट, आंबट, जळजळीत ते राजस. म्हणजे आपला मिरचीचा ठेचा तिथे बसला! शिळे, उष्टे, कुजके, अपवित्र ते तामस. मग दिंडीत फडक्यातली कालची भाकरी सोडून खाणाऱ्या वारकऱ्याचे काय करायचे? त्या श्लोकांचा उपयोग आहे, पण या कामाला तो तोकडा पडतो.

काम करते ते प्रमाण तेराव्या अध्यायात आहे, आणि ते आपल्या घरचे आहे. ज्ञानाची लक्षणे सांगताना अहिंसा हा शब्द आला की माउली तिथे कितीतरी ओव्या थांबतात. आधी दुसऱ्यांची अहिंसा तपासतात. पाऊस पडावा, जीव जगावेत म्हणून यज्ञात पशू मारणे म्हणजे झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण करणे, असे ते दाखवतात. वैद्यकालाही त्यांनी सोडलेले नाही. एकाचा जीव वाचवायला दुसऱ्याचा घात, झाडांची मुळे उपटायची, साली सोलायच्या. तरुण मित्रांनो, जिथे माउलींनी वैद्यकाला जाब विचारला, तिथे तुम्ही त्यालाच साक्षीला आणता!

पुढे माउली अहिंसा कशी ओळखायची ते सांगतात. पानात काय वाढले आहे, तिथून ते सुरुवात करत नाहीत. माणूस चालतो कसा, ते आधी पाहतात. केसर दुखावतील म्हणून भुंगा कमळावर हळू पाय ठेवतो तसा तो भुईवर पाऊल ठेवतो. मग त्याचे बोलणे, पाहणे, हात. मांजर पिलाला दातांत धरते, त्या दातांसारखे त्याचे सगळे वागणे. बघा, दातांचा दाखला माउलींनीही दिला आहे, पण तो असा! हा माणूस मांस खात नाही यात नवल ते काय; त्याच्या हातून बोकडावर सुरी चालणारच नाही.

ही कसोटी लावली की कीर्तनकारालाही ती लागते. मांस खाणाऱ्यांना व्यासपीठावरून राक्षस म्हणणारी जीभ तिच्यात कशी बसेल? तुकोबारायांनी देवाच्या कामांची यादी केली, तिच्यात सजन कसायाचेही नाव घेतले आहे. त्याच्या दुकानात देव मांस विकू लागला, असे ते सांगतात. हा अभंग निरूपणाला घेणारे बुवा मला अलीकडे फार थोडे भेटले. अडचणीचा आहे खरा. पण म्हणूनच घ्यायला हवा.

रायगडाकडे एका खाडीकाठच्या गावी माझे कीर्तन होते. त्या पट्ट्यात आगरी-कोळी मंडळींत वारी किती मुरली आहे हे ठाऊक असणाऱ्यांना सांगायला नको. कीर्तनानंतर एक बाई पाया पडली. गळ्यात माळ होती. म्हणाली, “महाराज, मी तोंडाला लावत नाय, पण पाटी घेऊन बाजारात बसते. पोरांचं पोट त्याच्यावर हाय. माळ ठेवू का उतरू?” तिला आतड्यांची लांबी सांगून काय उपयोग होता? मी सजन कसायाची कथा सांगितली आणि म्हटले, “माय, माळ राहू दे. पोरं हाताशी आली की धंद्याचं बघ.” कोणाला हे उत्तर ढिले वाटेल. वाटो.

आखाडात तर घरोघर हा प्रश्न उभा राहतो. एकाच छपराखाली सासू माळकरी, सुना-लेक खाणारे. सासूची भांडी निराळी, तवा निराळा. काही घरांत या निराळेपणाचा एवढा गाजावाजा होतो की सून पंढरीचे नाव काढले की कपाळाला आठ्या घालते. काही घरांत मात्र म्हातारी तेवढे दिवस आपली भाकरी आपण थापते, कोणाला उणा शब्द बोलत नाही, आणि एखाद्या वर्षी नातूच येऊन म्हणतो, “आजी, मलाही माळ घाल.”