मार्गदाता, मोक्षदाता आणि आपले फलक

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात मार्गदाता आणि मोक्षदाता अशी शब्दांची एक जोडी येते. तथागत पहिले आहेत, दुसरे नव्हेत, असे बाबासाहेबांचे प्रतिपादन आहे. व्याख्यानांतून व स्मरणिकांतून ते नेहमी उद्धृत होते. त्यातील भेद मात्र क्वचितच पाळला जातो.

या प्रतिपादनाचा आधार मज्झिमनिकायातील गणकमोग्गल्लान सुत्त होय. हिशेबनीस मोग्गल्लान विचारतो, की आपला उपदेश ऐकणारे सर्वच निब्बाणाला पोहोचतात काय? काही पोहोचतात, काही नाही, असे उत्तर मिळते. पुढे राजगृहाच्या वाटेचा दाखला येतो. वाट दोघांनाही सारखीच सांगितली. एक सुखरूप पोहोचला, दुसरा भलत्याच दिशेला गेला. धामणगाव बढे येथे कोणी मोताळ्याची वाट विचारली, तर सांगणाऱ्याकडे जेवढे उत्तरदायित्व येते, तेवढेच तथागत येथे स्वतःकडे घेतात.

मूळ पालि शब्द आहे 'मग्गक्खायी'. अक्खायी म्हणजे सांगणारा, देणारा नव्हे. तेव्हा 'मार्गदाता' हा त्याचा शब्दशः अनुवाद नाही. मोक्षदात्याच्या समोर उभा करण्यासाठी तो योजलेला आहे, व त्या कामी चपखलही आहे. परंतु मराठी कानाला दोन्हींत 'दाता'च ऐकू येतो, आणि दाता म्हटला की याचक आलाच.

पालि जाणणारा वाचक येथे आक्षेप घेईल, आणि त्याने तो घ्यावाच. मधुपिण्डिक सुत्तात महाकच्चान तथागतांना 'अमतस्स दाता' म्हणतात, आणि अमत हे तर निब्बाणाचेच नाव. मग मोक्षदाता म्हणण्यास हरकत कोणती? एक तर हे शिष्याचे गौरववचन आहे. शिवाय त्याच विशेषणमालेत 'वत्ता', 'पवत्ता' ही पदे आहेत, तीही सांगणाऱ्याचीच. तो प्रसंगदेखील तथागतांच्या संक्षिप्त वचनाचा अर्थ उलगडून सांगण्याचा आहे. अमताचे देणे तेथे सांगण्यातूनच घडते.

खरी ढिलाई होते ती 'मुक्तिदाता' या बिरुदात. जयंतीच्या फलकांवर ते आपण खुद्द बाबासाहेबांनाच लावतो. त्यामागील कृतज्ञता निःसंशय खरी आहे. शब्द मात्र त्यांच्याच विवेचनाशी विसंगत आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला त्यांच्यामागून लोक आपल्या पायांनी तळ्यावर गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या प्रथमपुरुषी एकवचनी आहेत. उच्चारणाराच त्यांचा कर्ता असतो. 'मुक्तिदाता' म्हणताच तो कर्ता वाक्यातून गळतो, आणि उरतो तो केवळ घेणारा.

सुत्तनिपातातील चुन्द सुत्तात 'मग्गदेसक' असा एक शब्द आहे. त्यावरून 'मार्गदेशक' सहज होतो. फलकावर त्याला एकच अक्षर अधिक लागते.