जबाबदारी : अधिकार की उत्तर?

द्वाड विद्यार्थ्याला वर्गात एखादी जबाबदारी दिली की तो सुधारतो, हा समज शिक्षकवर्गात रूढ आहे. त्याची कसोटी पाहण्यास आंतोन माकारेन्को (१८८८–१९३९) यांची, १९३३ ते १९३५ या काळात प्रसिद्ध झालेली ‘अध्यापनाचे महाकाव्य’ ही रशियन कादंबरी उपयोगी पडते. पोल्टावाजवळ १९२० पासून बालगुन्हेगारांसाठी त्यांनी चालविलेली वसाहत हा तिचा विषय होय.

वसाहत सोडून जाऊन परतलेल्या काराबानोव्हला शिक्षक पाचशे रूबल आणावयास धाडतात. तो परततो, पैसे मोजणार का, असे विचारतो. त्याने स्वतः मोजले आहेत एवढे ऐकून शिक्षक ते न मोजताच खणात टाकतात. पुढे दोन हजारांची रक्कमही त्याच्याच हाती सोपविली जाते. हा प्रसंग केवळ विश्वासाचा मानणे अपुरे आहे. येथे मुलाच्या शब्दाला उत्तराची प्रतिष्ठा लाभते, हे त्याचे मर्म.

‘जबाबदारी’ या शब्दात ‘जबाब’ आहे. तदर्थक रशियन शब्दातही ‘उत्तर’ हाच अर्थ आहे. माकारेन्कोंच्या व्यवस्थेत तो अर्थ जिवंत राहतो. एखाद्या कामापुरती मिश्र तुकडी नेमली जाई. तिचा नायक बहुधा साधा मुलगा असे. एरवीचे नायक त्याच्या हाताखाली राबत. काम संपताच त्याला वृत्तान्त द्यावा लागे. अधिकार अल्पकालीन, उत्तर मात्र अटळ.

आपल्या वर्गांत पुष्कळदा याच्या उलट घडते. खोडकर मुलाला ‘मॉनिटर’ करून गडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहावयास सांगितले जाते. त्याला इतरांवर सत्ता मिळते; स्वतः उत्तर द्यावे असे काहीच मिळत नाही. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली आठवडाभर देऊन शनिवारी हिशेब ऐकणे हे याहून अधिक अर्थपूर्ण ठरेल.

तथापि एक मर्यादा सांगितली पाहिजे. या कथेचा निवेदक शिक्षकच आहे, आणि त्याच कादंबरीच्या प्रारंभी तो झादोरोव्ह या मुलावर हात उगारतो. तेव्हा विश्वास हा येथे पहिला उपाय नव्हता. काराबानोव्हचे मूळ असलेल्या सेम्यॉन कालाबालिन यांनी पुढे स्वतः निराधार मुलांच्या संस्था चालविल्या, हे खरे. परंतु एका यशावरून नियम सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की, ज्याचा जबाब ऐकून घेण्याची आपली तयारी नाही, त्याला आपण जबाबदारी दिलीच नाही.