मॅटप्लॉटलिबमधला आयत नेमका कशाभोवती फिरतो?

रिसर्चची तयारी करत असाल, तर मॅटप्लॉटलिबशी तुमची गाठ पडणारच. न्यूरोबायॉलॉजीत काम करणाऱ्या जॉन हंटर यांनी २००३ मध्ये आणलेली ही पायथनची लायब्ररी आज थीसिसमधल्या असंख्य आलेखांमागे असते. तिचं कौतुक भरपूर झालंय. आज तिच्या एका खटकणाऱ्या गोष्टीबद्दल बोलू: आकृती स्वतःच्या मध्याभोवती फिरवणे.

यामागचं गणित सोपं आहे. फिरवण्याचं सूत्र प्रत्येक बिंदूला (०, ०) या आरंभबिंदूभोवती फिरवतं. आकृती जागच्या जागी फिरायला हवी असेल, तर आधी प्रत्येक बिंदूतून मध्य वजा करायचा, मग फिरवायचं, मग मध्य परत मिळवायचा. बस, एवढंच.

आता मॅटप्लॉटलिब काय करते ते बघा. 'रेक्टँगल'ला 'अँगल' दिला, तर आयत मध्याभोवती फिरत नाही; ज्या कोपऱ्याने तुम्ही तो ठेवला, त्या कोपऱ्याभोवती फिरतो. कोपरा (१, १), रुंदी ४, उंची २ घ्या. मध्य येतो (३, २). ९० अंश फिरवा आणि मध्य (०, ३) वर जातो! पण 'एलिप्स'ला तोच 'अँगल' द्या, लंबवर्तुळ मध्याभोवतीच फिरतं.

याला काही तर्क आहे का? आहे. आयत कोपऱ्याने ठेवला जातो, लंबवर्तुळ मध्याने. ज्या बिंदूने आकृती ठेवली, त्याच बिंदूभोवती ती फिरते. हे मी मान्य करतो. पण शब्द एक आणि वागणं दोन, हे नवशिक्याला कळणार कसं? आणि 'रेग्युलरपॉलिगॉन'चं काय? तिथे कोन रेडियनमध्ये द्यावा लागतो, बाकी दोघांना अंशांत. याचं समर्थन मला तरी करता येत नाही.

३.६ या आवृत्तीत 'रोटेशन_पॉइंट' आला, हे चांगलं झालं. त्याला 'सेंटर' सांगितलं की आयत जागेवरच फिरतो. पण जुनी सवयच डिफॉल्ट राहिली. जुना कोड मोडू नये म्हणून ते समजण्यासारखं आहे, तरी सापळा तसाच आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर इतकं काय? मायक्रोस्कोपच्या फोटोवर तुम्ही तिरका आयत काढून 'मोजमाप इथे घेतलं' असं लिहिता. आयत सरकला, तर ते वाक्य खोटं ठरतं. आणि कोड एरर देत नाही, चित्रही छान दिसतं. म्हणून तर हे धोक्याचं.

अजून एक. दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं नसेल, तर फिरवलेला आयत पडद्यावर समांतरभुज चौकोनासारखा कललेला दिसतो. तेव्हा 'सेट_आस्पेक्ट'ला 'इक्वल' सांगायला विसरू नका.

माझा सल्ला इतकाच: फिरवण्याआधी मध्यावर एक लाल ठिपका काढा, मग आकृती फिरवा. ठिपका अजून मध्यावर असेल, तरच ते चित्र थीसिसमध्ये टाका. लायब्ररी कितीही मोठी असो, 'मध्य' म्हणजे कुठला बिंदू हे ठरवणं तुमचंच काम आहे.