शुक्रवारचे हास्य

विनोदी लेखनास साहित्यविचारात दुय्यम स्थान देण्याची आपली रीत आहे. ते दूरदर्शनसाठी झालेले असेल, तर त्याचा विचार बहुधा होतच नाही. १९८४ साली दर शुक्रवारी रात्री प्रसारित होऊ लागलेली ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका हिंदीतील मान्यवर व्यंगकार शरद जोशी यांच्या लेखणीतून उतरली, याचे स्मरण म्हणूनच करून द्यावे लागते.

तिची घडण साधी, पण मार्मिक आहे. प्रारंभीच्या भागांत शफी इनामदार व स्वरूप संपत यांनी रंगविलेले मध्यमवर्गीय दांपत्य तेच राहते; सतीश शाह मात्र दर भागात निराळी व्यक्ती होऊन अवतरतात. परिचित घरात अपरिचिताचा प्रवेश होतो आणि तेथेच विनोद जन्मतो. हा परिचय मुरण्यास आठवड्याचे अंतर उपकारक होते. प्रतीक्षा हा त्या आस्वादाचाच घटक होता. तेच भाग आज सलग पाहिले, तर योजना आधी जाणवते आणि नवल ओसरते.

दिवाणखान्यात रमताना जोशींच्या उपरोधाची धार बोथट झाली, हा आक्षेप निराधार नाही. परंतु कोणाचाही अधिक्षेप न करता घरोघरी शहाणे हसू पोहोचविणे हेही वाङ्मयीन कर्तृत्वच होय. साहित्येतिहासाने त्याची नोंद घेतली पाहिजे.